गाडीच्या काचेची फिल्म घेण्याआधी

गाडीच्या काचेवर फिल्म लावायची ती ऊन अडवण्यासाठी. ॲक्सेसरीजच्या दुकानात मात्र पहिला प्रश्न येतो तो ‘किती डार्क पाहिजे?’ हाच. पुढचा बहुतेक मनस्ताप या प्रश्नाच्या उत्तरातून उभा राहतो.

जमिनीवर पोहोचणाऱ्या सौरऊर्जेपैकी साधारण निम्मी अवरक्त किरणांतून येते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. ४० टक्क्यांहून थोडी अधिक ऊर्जा दृश्य प्रकाशातून येते. अतिनील किरणांचा वाटा जेमतेम ३ ते ५ टक्के. स्वस्त रंगीत फिल्म यांपैकी मुख्यतः दृश्य प्रकाश गिळते. आत अंधारून येते, डोळ्यांना बरे वाटते. पण गिळलेले ऊन काचेत मुरते, काच तापते आणि त्यातली काही उष्णता आतच सोडते. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे अशा काळ्या काचेला आतून हात लावला तर चटका बसतो. चांगली सिरॅमिक फिल्म मात्र दिसायला जवळजवळ पारदर्शक असूनही अवरक्त किरणांचा मोठा भाग अडवते. काळेपणावरून गारवा ठरत नाही, हे ज्याला कळले त्याचे निम्मे पैसे तिथेच वाचतात.

फिल्मच्या पत्रकावर तीन-चार आकडे असतात. व्हीएलटी म्हणजे दृश्य प्रकाशापैकी किती टक्के आरपार जातो ते प्रमाण. आकडा जितका मोठा, तितकी काच स्वच्छ. अतिनीलरोधाचा आकडा बहुतेक चांगल्या फिल्मांत ९९ च्या आसपास असतो, त्यामुळे तुलनेला तो निरुपयोगी. अवरक्तरोधाचा आकडा सर्वांत दिमाखदार आणि सर्वांत फसवा. तो अनेकदा अवरक्त पट्ट्यातल्या सोयीच्या एका टप्प्यापुरताच मोजलेला असतो. खरा कामाचा आकडा टीएसईआर, म्हणजे एकूण सौरऊर्जेपैकी किती टक्के बाहेर थोपवली जाते ते. पत्रकात हाच सहसा बारीक अक्षरांत असतो किंवा नसतोच. विचारल्यावरही तो मिळत नसेल, तर त्या दुकानातून उठावे.

दुकानात फिल्म विकताना दाखवतात त्या दिव्याच्या प्रयोगाबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण गिऱ्हाईक तिथेच पघळते. लाकडी खोक्यात उष्णतेचा लाल दिवा, पुढे काचेचे दोन तुकडे. साध्या काचेपुढे हात भाजतो, फिल्म लावलेल्या काचेपुढे काहीच जाणवत नाही. प्रयोग खोटा नसतो, पण तो दिवा जवळजवळ सगळी ऊर्जा अवरक्त रूपात टाकतो आणि सूर्य तसे करत नाही. व्हीएलटी ७० असलेल्या फिल्ममधून नुसत्या दृश्य प्रकाशाबरोबरच एकूण सौरऊर्जेचा सुमारे ३० टक्के भाग आत येतो. म्हणजे अशा फिल्मबद्दल ‘९७ टक्के गरमी बंद’ हे वाक्य हिशेबातच बसत नाही.

प्रकारांत रंगीत फिल्म सर्वांत स्वस्त, आणि काही उन्हाळ्यांनंतर ती जांभळी पडते. धातूचा मुलामा दिलेली फिल्म ऊन चांगले परतवते. पण तोच मुलामा रेडिओलहरीही अडवतो. मोबाइलची रेंज, जीपीएस आणि समोरच्या काचेवरचा फास्टॅग, सगळ्यांवर त्याचा परिणाम होऊ शकतो. टोलनाक्यावर बूम उघडत नाही, मागे हॉर्न सुरू होतात, आणि दोष टॅगच्या बँकेवर जातो. कार्बन आणि सिरॅमिक फिल्मांना ही अडचण नाही. त्यातही सिरॅमिक महाग, पण पारदर्शक राहून उष्णता अडवण्यात सरस.

आता कायदा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० नुसार समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, तर बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. अविषेक गोएंका यांच्या जनहित याचिकेवर २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. काच कारखान्यातूनच या प्रमाणाची असावी. नंतर वरून कोणत्याही टक्केवारीची काळी फिल्म किंवा अन्य काही चिकटवता येणार नाही, असे त्यात ठरले. ४ मे २०१२ पासून हा आदेश देशभर लागू झाला. नुसते चलान करून न थांबता फिल्म काढून टाकण्याचा अधिकारही पोलिसांना मिळाला. आदेशातले ‘अन्य काही’ हे शब्द पाहता काचेला लावायच्या जाळीच्या पडद्यांनाही निर्धास्त म्हणता येत नाही. पुढे नियमात दुरुस्ती होऊन १ एप्रिल २०२१ पासून ‘सेफ्टी ग्लास’च्या जोडीला ‘सेफ्टी ग्लेझिंग’ हा शब्द आला. त्याच्या आधारे सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने ७० आणि ५० टक्क्यांची मर्यादा पाळणाऱ्या फिल्मला दंड करता येणार नाही असे म्हटले. विक्रेते हल्ली या निकालाचे कात्रण काउंटरवरच ठेवतात. मात्र तो निकाल केरळचा आहे. कोल्हापूरच्या किंवा पनवेलच्या नाकाबंदीत ते कात्रण चालेलच असे नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० आणि पुढच्या वेळी १५०० रुपयांपर्यंत दंड होतो. रक्कम मोठी नाही, पण रस्त्याच्या कडेला पोलिसांसमोर सोलून काढावी लागलेली महाग फिल्म परत लावता येत नाही.

ज्या राज्यात फिल्मला वाव आहे किंवा पुढे मिळेल, तिथेही एक चूक हमखास होते. नियमातली टक्केवारी काच आणि फिल्म मिळून धरायची असते. दुकानदार सांगतो ती एकट्या फिल्मची. कारखान्यातून आलेली हिरवट काचही थोडा प्रकाश अडवते. बाजूची काच मुळात ७५ टक्क्यांची असेल आणि तिच्यावर ‘कायदेशीर ५० टक्के’ म्हणून विकलेली फिल्म लावली, तर दोन्हींचा गुणाकार होतो आणि आरपार जाणारा प्रकाश सुमारे ३७ टक्क्यांवर येतो. त्याच काचेवर ७० ची फिल्म लावली तर ५२ टक्के उरतात, म्हणजे जेमतेम मर्यादेत. समोरच्या काचेला तर इतकीही ऐस नाही. म्हणून आधी नुसत्या काचेचे माप घ्यावे. व्हीएलटी मीटरचे दोन भाग काचेच्या दोन बाजूंना धरले की आकडा लगेच दिसतो. बऱ्या दुकानात असा मीटर असतो. फिल्म लावल्यावर पुन्हा मोजून तो आकडा बिलावर लिहून घ्यावा.

काळोखाचा त्रास दुकानात कळत नाही, कारण तिथे दिवसाढवळ्या गाडी उभी असते. तो कळतो जुलैमधल्या रात्री आंबा घाटात, पाऊस कोसळत असताना. बाहेरचे आरसे चालकाला पुढच्या दारांच्या काचांतूनच दिसतात; त्या काळ्या असतील तर मागून येणारा बिनदिव्याचा सायकलवाला दिसतच नाही. वयानुसार डोळ्यांना अधिक प्रकाश लागतो, त्यामुळे घरात साठीपुढचा चालक असेल तर हा मुद्दा दंडाहून मोठा.

त्वचेसाठी फिल्म हवी असे अनेक जण सांगतात. समोरची काच दोन थरांची असते आणि मधला प्लास्टिकचा थर जवळजवळ सगळे अतिनील किरण अडवतो. बाजूच्या काचा एकेरी असतात, म्हणून चालकाचा उजवा हात रापतो. लांबच्या प्रवासात सुती बाह्या घातल्या की हे काम बिनखर्चात भागते.

बसवताना धुळीची जागा टाळावी. पाण्याचे बुडबुडे काही दिवसांत सुकतात, पण खाली अडकलेला धुळीचा कण कायमचा राहतो. फिल्म काचेवरच ब्लेडने कापणारा कारागीर काचेवर ओरखडा ठेवून जातो. साबणाचे पाणी दारात उतरून खिडकीचे स्विच बिघडतात, म्हणून दाराच्या कडेला टॉवेल लावायला सांगावे. काम झाल्यावर तीन-चार दिवस काचा खाली करू नयेत आणि अमोनिया असलेला ग्लास क्लीनर वापरू नये. मागच्या काचेवर डीफॉगरच्या तारा असतील तर तिथली जुनी फिल्म खरवडून काढू नये. फिल्मबरोबर तारा उपटून येतात.

महाराष्ट्रात आज वाद न घालता गाडी चालवायची असेल, तर फिल्म न लावणेच शहाणपणाचे. नवी गाडी घेताना अतिनील किरण रोखणाऱ्या काचा मूळच्याच आहेत का ते विचारावे, काचेच्या कोपऱ्यातला आयएस २५५३ चा ठसा पाहून घ्यावा आणि गाडी उभी असताना समोर चंदेरी पडदा लावावा. उन्हात तापलेल्या गाडीत बसताना आधी मिनिटभर चारही काचा खाली कराव्यात, मग एसी लावावा. याला एक पैसाही लागत नाही आणि हरकत घ्यायला पोलीसही येत नाही.