आधी काठ, मग पाणी

मासा तळ्याबाहेर पडायची खटपट करत नाही. कासव रोज करतं. अंगणात कासवांसाठी तळं बांधायचं मनात असेल, तर बाकी काही ठरवण्याआधी एवढं ध्यानात घ्या. रत्नागिरीजवळच्या आमच्या घरी कंत्राटदारानं नेहमीचं शोभेचं तळं बांधून दिलं होतं: काठ जमिनीशी सपाट, कडेनं गोटे, मध्ये कारंजं. उन्हाळाभर काही बिघडलं नाही. जुलैत एका रात्री पावसानं जोर धरला. कौलांच्या पागोळ्या थेट तळ्यात पडत होत्या, आणि पहाटे पाहिलं तर तळं आणि अंगण एक झालेलं. दोन्ही कासवं गेली. एक शेजारच्या आजोबांना अळवाच्या वाफ्यात सापडलं. दुसरं मिळालं नाही. कुंपणापलीकडे वहाळ आहे, तिकडेच ते उतरलं असणार.

नुसतं आपलं जनावर हरवलं, एवढ्यावर हे थांबत नाही. आमची कासवं रेड-इअर्ड स्लायडर जातीची, डोळ्यामागे लाल पट्टा असलेली, मूळची अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातली. जगातल्या सर्वांत उपद्रवी 100 परक्या प्रजातींच्या यादीत या कासवाचं नाव आहे. जिथे ते सुटतं तिथे देशी कासवांचं खाणं आणि ऊन खायच्या जागा बळकावतं. म्हणून काठ पक्का हवा, तो आपल्या कासवासाठी आणि वहाळातल्या कासवांसाठीही. (विहिरीत, खाचरात दिसणारी देशी कासवं किंवा पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं तारा कासव घरी आणून पाळू नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला बंदी आहे. परदेशी जातीच्या नोंदणीचे नियमही आणण्याआधी वनविभागात विचारून घ्यावेत.)

आता काठ. पाण्याच्या पातळीपासून निदान दीड फूट उंच, आतून घोटून गुळगुळीत केलेली भिंत घ्या आणि तिच्या माथ्यावर आतल्या बाजूला चार-सहा इंच पुढे आलेली फरशी बसवा. कासव नखांनी चढतं, पण डोक्यावर आलेली कड त्याला ओलांडता येत नाही. तारेची जाळी उभी लावून भागेल असं गवंडी सांगतील, ऐकू नका. जाळीवर ते शिडीसारखं चढतं. चौकोनी तळ्याचे कोपरे सर्वांत धोक्याचे, कारण दोन भिंतींना पाय टेकवून ते वर सरकतं. कोपरे गोल करून घ्या, नाहीतर तिथे तिरकी फरशी टाका. जिथे मातीची जागा ठेवणार, तिथे कुंपणाचा पाया फूटभर खाली न्या. कासव आतून उकरतं आणि घूस बाहेरून.

पावसाळ्याचं पाणी जायला काठाच्या बरंच खाली जाड पाइप हवा, तोही दोन ठिकाणी, कारण आंब्याच्या दोन पानांनी एक तोंड बंद होतं. तोंडावर सपाट जाळी न लावता फुगीर पिंजरा बसवा, म्हणजे पानं अडकली तरी बाजूनं पाणी जातं. पागोळ्यांचं पाणी पन्हळीतून दुसरीकडे वळवा. हे सगळं बांधून झाल्यावर भर पावसात छत्री घेऊन तिथे उभं राहा आणि पाणी कुठून जातं ते डोळ्यांनी बघा. 2021 च्या जुलैत चिपळुणात घरांत पाणी शिरलं होतं. नदीकाठी राहणाऱ्यांनी झाकणाचा मोठा टब घरात तयार ठेवावा आणि पुराचा इशारा आला की कासवं त्यात घ्यावीत.

खोलीबद्दल एक गैरसमज आहे. जलकासव म्हणून ते पाण्यात बुडणार नाही, असं लोक धरून चालतात. त्याला फुप्फुसं आहेत. पाण्याखाली जाळीत किंवा दगडांच्या फटीत अडकलं की ते गुदमरून मरतं. पंपाचं शोषणारं तोंड पिंजऱ्यात ठेवा, रचलेले दगड सिमेंटनं पक्के करा आणि विजेच्या जोडणीला गळती होताच प्रवाह तोडणारा ब्रेकर लावा. मधला भाग दोन-अडीच फूट खोल हवा, नाहीतर मे महिन्यात उथळ पाणी तापून जातं. एका बाजूनं खरबरीत, मंद उतार पाण्याबाहेर येऊ द्या. तळ्याच्या एक तृतीयांश भागावर सावली आणि उरलेल्यावर सकाळचं कोवळं ऊन पडू द्या. ऊन थेट पाठीवर पडलं पाहिजे. काच त्यातले अतिनील किरण अडवते, आणि त्यांच्यावाचून कॅल्शियम अंगी लागत नाही, कवच मऊ पडतं. घार, कावळा, मुंगूस यांच्यासाठी वर छप्पर हवंच, पण ते वेल्डमेश जाळीचं.

सिमेंटचं नवं तळं लगेच वापरू नका. त्यातून चुना उतरत राहतो. पाणी भरायचं, काही दिवस ठेवायचं, उपसून टाकायचं, असं काही आठवडे करा आणि पीएचची पट्टी आठच्या खाली स्थिरावली की मगच कासव सोडा. तळ खरबरीत राहिला तर पोटाकडचं कवच घासून जखम होते. पाणी किती, याचा पाळणाऱ्यांमधला जुना अंदाज कवचाच्या दर इंचाला 40 लिटरचा आहे. मादी फूटभर वाढते, हे धरूनच हिशेब करा.

मादी असेल तर काठाच्या आत वाळूमिश्रित ओलसर मातीची नऊ-दहा इंच खोल जागा सोडा. नर नसला तरी ती अंडी धरते, आणि उकरायला जागा मिळाली नाही तर अंडी पोटात अडकून जिवावर बेततं. ती अस्वस्थपणे भिंतीला धडका देत फिरू लागली, खाणं सोडलं, तर कासवांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे न्या.

मुलांनी कासवाला किंवा तळ्याच्या पाण्याला हात लावला की साबणानं हात धुवायला लावा. वरून निरोगी दिसणाऱ्या कासवातही साल्मोनेला असतो. अमेरिकेत लहान मुलांच्या आजारपणामुळेच 1975 पासून चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांची विक्री बंद आहे.

सांभाळणं झेपेनासं झालं तर देवळाच्या तळ्यात किंवा नदीत सोडू नका. आधीपासून पाळणारं घर शोधा. आणि तळ्यात सोडण्याआधी प्रत्येकाच्या पोटाकडच्या कवचाचा फोटो काढून ठेवा. तिथले काळे ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात, वाढीबरोबर फिके पडतात, म्हणून दर वर्षी नवा फोटो काढा. शेजारच्या कोणाला कासव सापडलं, तर ते तुमचंच का, हे त्यावरून पटकन सांगता येतं.