सत्तरीतला वस्ताद

"साठी बुद्धी नाठी" अशी आपल्याकडे म्हण आहे. रात्रीच्या वर्गाला या म्हणून सांगायला गेलो की कोणी ना कोणी ती ऐकवतोच. "गुरुजी, आता या वयात काय शिकायचं?" असंही वर विचारतो. त्याच्यासाठी आज एका वस्तादाची हकिकत सांगतो.

हे वस्ताद अमेरिकेतले. नाव अमॉस अलॉन्झो स्टॅग. आपल्या तालमीत जसा वस्ताद असतो, तसा तिकडे कॉलेजातल्या मुलांना खेळ शिकवणारा माणूस असतो. त्याला कोच म्हणतात.

स्टॅग यांचा जन्म १८६२ साली न्यू जर्सी राज्यातल्या वेस्ट ऑरेंज या गावी झाला. वडील जोडे शिवीत. घरची गरिबी. त्यामुळे शिक्षणाला उशीर झाला. बावीस वर्षांचे झाले तेव्हा कुठे येल नावाच्या मोठ्या कॉलेजात ते दाखल झाले. शिकताना त्यांनी पोटाला चिमटा घेतला. कडाक्याच्या थंडीत शेगडी नसलेल्या खोलीत दिवस काढले.

धर्मोपदेशक व्हावे असे त्यांच्या मनात होते. पण चार लोकांपुढे बोलायला त्यांना जमेना. मग त्यांनी ठरवले, बोलून जमत नाही ना? तर मैदानावर मुलांना वळण लावू.

१८९२ साली शिकागो शहरात नवे विद्यापीठ सुरू झाले. तिथे स्टॅग कोच झाले. त्यांचा मुख्य खेळ अमेरिकन फुटबॉल. यातला चेंडू दोन्ही टोकांना निमुळता असतो. एका बाजूला अकरा गडी. चेंडू हातात धरून पळायचे आणि समोरच्यांनी त्याला धरून खाली पाडायचे. आपल्या हुतुतूसारखीच झोंबाझोंबी! पहिल्या वर्षी गडी कमी पडले, तर स्टॅग स्वतःच खेळायला उतरले.

गडी पाडण्याचा सराव करताना पोरांना लागू नये, म्हणून तरुणपणीच त्यांनी एक युक्ती काढली होती. गादी गुंडाळून टांगायची आणि तिच्यावर झेप घ्यायची. ते स्वतः दारूला आणि तंबाखूला शिवत नसत.

त्या वेळी मिशिगनचा संघ फार जबर होता. ५६ सामन्यांत तो एकदाही हरला नव्हता. १९०५ साली स्टॅग यांच्या मुलांनी त्याला २ विरुद्ध ० असे हरवले. शिकागोत त्यांचे नाव झाले.

पण दिवस सारखे राहत नाहीत. पुढे पुढे त्यांचा संघ वारंवार हरू लागला. १९३२ साली स्टॅग ७० वर्षांचे झाले. विद्यापीठाचा नियम होता, सत्तरीला निवृत्ती. चाळीस वर्षांचे मैदान सुटणार! विद्यापीठाने दुसरे काम देऊ केले. पण त्यांना खुर्ची नको होती, पोरं शिकवायची होती.

मग त्यांनी काय केले? बिऱ्हाड उचलले आणि शेकडो कोस दूर, कॅलिफोर्निया राज्यातल्या स्टॉकटन गावी गेले. तिथे पॅसिफिक नावाचे लहानसे कॉलेज होते. १९३३ साली त्यांनी तिथे नव्याने सुरुवात केली. कॉलेज लहान, सामने मोठ्यांशी. जिंकण्यापेक्षा हरणेच जास्त झाले. तरी त्यांनी हात टेकले नाहीत. १९४३ साली देशभरच्या कोचांनी त्यांना त्या वर्षीचा उत्तम कोच म्हणून निवडले. तेव्हा वय होते ८१!

१९४६ साली तेही काम सुटले. मग त्यांच्या मुलाने त्यांना आपल्याजवळ बोलावले. मुलगाही पेनसिल्व्हेनिया राज्यात कोचच होता. नव्वद वर्षांचे होईपर्यंत बापलेकांनी मिळून मुले तयार केली. पुढे स्टॉकटनला परत येऊन ते चेंडूला लाथ कशी मारायची हे शिकवीत राहिले. १९६० साली, ९८ व्या वर्षी, ते थांबले. १९६५ साली १०२ वर्षांचे होऊन वारले.

मंडळी, नियमाने नोकरी संपते. शिकणे आणि शिकवणे संपवायचे की नाही, हे आपल्या हातात असते. बावीसाव्या वर्षी कॉलेजात जायला स्टॅग लाजले नाहीत. सत्तरीत दुसरा डाव मांडायलाही लाजले नाहीत. मग पाटी हातात घ्यायला आपण कशाला लाजायचं?

प्रश्न
१. स्टॅग यांचे वडील काय काम करीत?
२. गादी टांगण्याची युक्ती कशासाठी होती?
३. सत्तरीला निवृत्त झाल्यावर स्टॅग कुठे गेले? का गेले?
४. तुमच्या गावात म्हातारपणी नवे काही शिकलेला माणूस कोण? त्याच्याविषयी चार ओळी लिहा.