बाटली भरलेली, रेडिएटर रिकामा

चंद्रपूर,
एप्रिलअखेर

चि. बाबूस,


ताईचा फोन आला होता. तू ताडोबाच्या मोहर्ली गेटवर जिप्सी चालवायला लागलास हे ऐकून फार बरं वाटलं. बोलता बोलता तिने हेही सांगितलं की गेल्या आठवड्यात गाडी दोनदा गरम झाली आणि दोन्ही वेळा तू कूलंटच्या बाटलीत पाणी टाकून पुढे गेलास. तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही. फोनवर सांगितलेलं विसरशील, म्हणून लिहितो आहे. हे पत्र गाडीच्या कप्प्यात ठेव.

बाबू, पाणी टाकणं ही दुरुस्ती नाही. इंजिन थंड ठेवणारं कूलंट डिझेल-पेट्रोलसारखं जळून संपत नाही. धडधाकट गाडीत महिनोन्महिने त्याची पातळी हलत नाही. आठवड्यात दोनदा ते कमी झालं म्हणजे कुठेतरी गेलं. कुठे गेलं हे न शोधता तू नुसती भर घालतो आहेस.

आधी ती बाटली तिथे कशाला आहे ते समजून घे. इंजिन आणि रेडिएटर मिळून पाच लिटर कूलंट आहे असं धर. पहाटे ते ३० अंशांवर असतं, गाडी चालली की ९० च्या आसपास जातं. तेवढ्यात ते फुगतं, दीडशे-दोनशे मिलिलिटरने, म्हणजे आपल्या घरच्या एका फुलपात्राएवढं. हे जादा कूलंट रेडिएटरच्या झाकणातली स्प्रिंग वर ढकलतं आणि बारीक नळीतून बाटलीत येतं. संध्याकाळी गाडी थंड झाली की आत ओढ निर्माण होते, झाकणाच्या मधोमध असलेला छोटा व्हॉल्व्ह उघडतो आणि तेच फुलपात्रभर कूलंट परत आत जातं. हे रोज घडतं. म्हणून बाटलीची पातळी पहाटे, गाडी गार असतानाच बघायची, आणि ती दोन रेघांच्या मध्ये असली पाहिजे. वरच्या रेघेवरची रिकामी जागा त्या फुलपात्रासाठी राखलेली आहे. तू काठोकाठ भरलीस तर गरम झाल्यावर कूलंट रस्त्यावर सांडणार. मग तुला वाटणार गळती आहे, आणि तू पुन्हा भरणार.

आता माझं ऐक. तू जन्मलाही नव्हतास तेव्हाची गोष्ट. मी आलापल्लीहून भामरागडला भाड्याची जीप चालवायचो. ६०-६५ किलोमीटरचा रस्ता, दोन्ही बाजूंना सागाचं दाट जंगल, आणि सकाळी निघालेली जीप दुपारी पोचली तरी लोक खूश. मोहाच्या हंगामात एकदा एका तापाने फणफणलेल्या म्हाताऱ्याला हेमलकशाच्या दवाखान्यात न्यायचं होतं. निघताना बॉनेट उघडून पाहिलं तर बाटली वरच्या रेघेपर्यंत भरलेली. मला समाधान वाटलं. पेरमिलीच्या अलीकडे तापमानाचा काटा लाल खुणेला टेकला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. बाटली मात्र तेव्हाही भरलेलीच! मी गोंधळलो, आणि वाट न बघता ओलं पोतं टाकून रेडिएटरचं झाकण फिरवलं. उजव्या हातावरचा जो डाग तू लहानपणी बोटाने चाचपायचास, तो त्या दिवशीचा आहे.

म्हातारा मोहाच्या झाडाखाली पडून होता. फुलं वेचणाऱ्या बायांनी तुंब्यातलं पाणी आधी त्याला पाजलं, मग माझ्या हातावर ओतलं. तासभर इंजिन निवू दिलं. मग झाकण काढून पाहिलं तर रेडिएटर कोरडा. झाकणाच्या मानेपासून बाटलीकडे जाणारी नळी बोटाने चाचपत गेलो, आणि क्लिपच्या अगदी खाली, जिथे रबर वाकतं तिथे, नखाएवढी चीर सापडली. नळी सरळ असताना ती दिसतच नव्हती. गरम कूलंट जोराने बाटलीकडे जाताना चिरेतून थोडं झिरपायचं, पण बहुतेक बाटलीत पोचायचं. परत येताना मात्र नळी त्या चिरेतून हवा ओढायची. कूलंट बाटलीतच राहायचं आणि रेडिएटर रोज थोडा थोडा रिकामा व्हायचा. मी बाटलीकडे पाहून गाडी ठीक समजत होतो. चीर कापून नळी पुन्हा बसवली, इंजिन चालू ठेवून बायांनी दिलेलं पाणी अगदी हळूहळू आत सोडलं (तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतलं तर इंजिनाचं हेड तडकतं), आणि कासवाच्या चालीने दवाखाना गाठला. म्हातारा वाचला. पण तो एक तास मला आजही टोचतो.

म्हणून बाबू, नुसत्या बाटलीवर विश्वास टाकू नकोस. आठवड्यातून एकदा पहाटे, रात्रभर थंड झालेल्या गाडीचं रेडिएटरचं झाकण उघड. कूलंट तोंडापर्यंत दिसलं पाहिजे. बाटली भरलेली आणि रेडिएटर उणा असेल तर दोष नळीत आहे किंवा झाकणात. बाटलीतलं नळीचं टोक तळाशी बुडालेलं आहे ना, तेही बघ. झाकणाचं रबर कडक झालं असेल, चिरलं असेल तर झाकण बदल. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाबाचा. बंद भांड्यात दाब वाढला की पाणी १०० अंशांवर उकळत नाही, कुकरसारखं. सैल झाकणाने तो दाबच धरला जात नाही. नवं झाकण त्याच आकड्याचं घे. जास्त आकड्याचं चांगलं असतं असं कोणी सांगितलं तरी घेऊ नकोस, जुन्या रबरी नळ्या त्या दाबाने फुटतात. आणि आता नवी जिप्सी मिळत नाही, तेव्हा तुझ्या हातात जी आहे तिच्या नळ्या जुन्याच समज.

आपल्याकडचं ऊन वेगळं आहे. २००७ च्या जूनमध्ये चंद्रपुरात ४९ अंश नोंदले गेले. रेडिएटर उष्णता टाकतो ती कूलंट आणि हवा यांच्यातल्या फरकावर. डिसेंबरच्या पहाटे हवा १५ अंशांवर असते तेव्हा हा फरक ७५ चा, मेच्या दुपारी ४७ अंशांत तो ४३ चा. निम्म्याच्या जरा वर एवढीच ताकद उरते. त्यात तुमची गाडी जंगलात रांगत चालते, समोरून वारा नाही, जाळीत धूळ आणि गवताचं कुसळ अडकलेलं. जाळी इंजिनाच्या बाजूने पाणी मारून धू, म्हणजे कचरा आला त्या वाटेने बाहेर पडेल. वाघ दिसला की सगळे इंजिन बंद करतात, तेही बरोबरच आहे. पण चढ किंवा खोल धुळीतून आला असशील तर आधी अर्धा मिनिट इंजिन नुसतं चालू दे, मग बंद कर. पंप एकदम थांबला की आतल्या धातूची उष्णता जागच्या कूलंटमध्ये उतरते आणि ते उसळून बाटलीत येतं.

सांडलेलं कूलंट तर फार गांभीर्याने घे. त्यातलं ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी असतं. मूत्रपिंडं निकामी करतं. मांजरांना कुत्र्यापेक्षाही कमी मात्रा पुरते, आणि वाघ-बिबटे त्याच कुळातले. तुझ्या गाडीखाली साचलेलं हिरवं डबकं रात्री कोण चाटेल, कोणत्या गावची शेळी चाटेल, तुला कळणार नाही. जंगलात किंवा पाणवठ्याजवळ कधीही कूलंट सोडू नकोस. सांडलंच तर माती टाकून ती माती उचलून आण. माझ्या मते ज्याला हे जमत नाही त्याने ताडोबात गाडी चालवू नये.

आणि कोणी म्हणेल, आपल्याकडे बर्फ कुठे पडतो, साधं पाणी घाल. ऐकू नकोस. कूलंट उकळण्याचा बिंदू वर नेतं आणि गंज धरू देत नाही, आणि जिप्सीचं हेड अॅल्युमिनियमचं आहे. बोअरच्या पाण्याने आत चुना बसतो, घरच्या तपेल्याला बसतो तसाच. बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं घाल.

ही तपासणी निघण्याआधीच का करायची, तेही सांगतो. मागे तू मला मोबाइलवर जायरोप्लेन हे छोटं उडतं यंत्र दाखवलंस, चालकाच्या पाठीमागे इंजिन असलेलं. त्यातल्या बऱ्याच यंत्रांत ऑस्ट्रियाचं रोटॅक्स इंजिन असतं. त्याचं सिलिंडर वाऱ्याने थंड होतं आणि हेड कूलंटने. तिथेही वर दाबाचं झाकण असलेली टाकी, तिच्यापासून निघालेली नळी आणि खाली बाटली, अगदी आपल्यासारखीच. उडण्याआधी थंड इंजिनाची पातळी बघतात, कारण वर गेल्यावर खाली उतरून बॉनेट उघडता येत नाही. तुझंही तसंच आहे, बाबू. जंगलाच्या कोअर भागात गाडी बंद पडली तर पर्यटकांना उतरता येत नाही, तुलाही नाही. जे बघायचं ते गेटच्या बाहेर, पहाटे, बॅटरीच्या उजेडात बघायचं. तरी काटा चढलाच तर गर्दीपासून दूर सावलीला घे, हीटर असेल तर पूर्ण उघड, तो छोट्या रेडिएटरचं काम करतो, आणि वायरलेसवर किंवा मागच्या गाडीकडे मदत माग. झाकणाला हात लावू नकोस.

नळी आणि झाकण नीट असूनही पातळी घटत असेल तर वॉटर पंपाखालचं बारीक भोक ओलं आहे का ते बघ. इंजिन चालू असताना बाटलीत सतत बुडबुडे येत असतील किंवा तेलाचा रंग दुधाच्या चहासारखा झाला असेल, तर हेड गॅस्केट गेलं. मग एक किलोमीटरही चालवू नकोस, मला फोन कर.

मंगळवारी कोअर बंद असतो. सोमवारच्या संध्याकाळच्या फेरीनंतर गाडी इकडेच घेऊन ये, रात्रभर गार होऊ दे. पहाटे दोघं मिळून झाकण उघडू. नवी नळी आणि दोन क्लिपा मी आणून ठेवतो. जुनं झाकण टाकू नकोस, त्याचं रबर कसं गेलं ते तुला दाखवायचं आहे. ताईला म्हणावं, मामीने आंब्याचं लोणचं घातलंय, रिकामी बरणी पाठव.

तुझा,
मामा