‘माइल्ड’ की ‘सिव्हिअर’?

आई-बाबांनो, मुलाच्या ऑटिझमचा रिपोर्ट हाती आला की नातेवाईक लगेच विचारतात, ‘माइल्ड आहे ना?’ तुम्हीही घाईने ‘हो’ म्हणता. पण हा शब्द पुढे मुलाच्या आड येतो.

घडाघडा बोलणारी, गणितात हुशार मुलगी ‘माइल्ड’, म्हणून तिला मदत मिळत नाही. दिवसभर ती बाकांची करकर आणि मधल्या सुट्टीतला गलका सोसते, घरी पोचली की कोसळते. मग तिलाच ऐकवतात, ‘शाळेत तर शहाण्यासारखी असते!’ न बोलणाऱ्या मुलाचं उलटं. त्याच्याबद्दल त्याच्यासमोरच सगळे बोलत राहतात. बोलत नाही म्हणजे कळत नाही, हे कुणी ठरवलं? चित्रांच्या कार्डांवर बोट ठेवून, टॅबवर टाइप करून, तुमचा हात ओढून तो सांगतच असतो.

रिपोर्टवरची लेव्हल 1, 2 किंवा 3 ही आधार किती लागतो याची नोंद आहे. तिच्यावरून बुद्धी किंवा भविष्य मोजू नका. एरवी निवांत असणाऱ्या मुलाला गणपतीतल्या ढोल-ताशांपुढे बराच जास्त आधार लागू शकतो.

1943 मध्ये लिओ कॅनर यांनी ऑटिझमवर जो लेख लिहिला, त्यात पहिली नोंद डोनाल्ड ट्रिपलेट या अमेरिकन मुलाची होती. डॉक्टरांच्या सल्ल्यावरून त्याला लहानपणीच संस्थेत ठेवलं होतं. आई-वडिलांनी परत घरी आणलं. मिसिसिपीतल्या फॉरेस्ट गावात तो वाढला, बँकेत नोकरी केली, देशोदेशी फिरला आणि 2023 मध्ये 89व्या वर्षी गेला. घर सधन होतं, बँक घरचीच होती, हेही खरं. मला मोलाचं वाटतं ते गाव. माणसांना आकडे देण्याची त्याची सवय तिथल्या लोकांनी आपलीशी केली. नोकरी मिळाली नसती, तरी त्या मायेवर त्याचा तेवढाच हक्क होता.

आपल्याकडे 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख त्याच्या कलम 17 मध्ये आहे. शाळेकडे अर्ज करताना संकोचू नका, मूल ‘हुशार’ असलं तरी. आणि अर्ज लिहायला बसाल तेव्हा त्यालाही शेजारी घ्या. वर्गात कुठली जागा बरी वाटते, कुठला आवाज टोचतो, हे बोलून, लिहून किंवा चित्र दाखवून त्यालाच सांगू द्या.