समोर बसलेला माणूस

प्रश्न : छायाचित्रावरून चेहरे जमतात, मात्र कार्यशाळेत प्रत्यक्ष मॉडेल समोर बसले की साम्य हरवते. काय करावे? – एक वाचक, मुनिरका, नवी दिल्ली

उत्तर : छायाप्रकाशाचा जो निवाडा छायाचित्राने आधीच केलेला असतो, तोच जिवंत व्यक्तीसमोर चित्रकाराला स्वतः करावा लागतो, म्हणून आपली अडचण स्वाभाविक आहे. प्रकाश एकाच बाजूने येईल अशी तजवीज करावी, खुर्चीची जागा खडूने मुक्रर करावी, आणि डोळे किलकिले करून मस्तकाचा कल व छायेचे मोठे आकार निश्चित झाल्याखेरीज नेत्र-नासिकेच्या तपशिलास हात घालू नये. दर 20-25 मिनिटांनी मॉडेलला विश्रांती देऊन त्या अवधीत चित्र आरशात पाहावे. उलट्या प्रतिमेत प्रमाणदोष तत्काळ उघड होतात.

सावळाराम हळदणकरांनी आपल्या कन्येस समोर उभे करून रंगविलेले, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील दीपधारिणीचे जलरंगचित्र पाहिले, म्हणजे बोटांतून झिरपणारा तांबूस प्रकाश केवळ प्रत्यक्ष निरीक्षणानेच कसा साधतो, याचा दाखला मिळतो. आपल्या शहरात जयपूर हाऊसमधील राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात अमृता शेर-गिल यांची व्यक्तिचित्रे आहेत. वही घेऊन त्यांचा अभ्यास अवश्य करावा. साम्य हे धीराचे फळ आहे. छायाचित्राचा आश्रय तूर्त सोडावा.