पैसे पोचले, बारा वर्षं वाटेत राहिली

पीपीएफचं खातं पोस्टातून बँकेत किंवा एका बँकेतून दुसऱ्या बँकेत नेताना सगळ्यांची नजर रकमेवर असते. पूर्ण आली का, व्याज कापलं नाही ना, एवढंच बघतात. रक्कम सहसा येतेच. तिचा चेक किंवा डिमांड ड्राफ्ट निघतो, त्याची नोंद दोन्हीकडे असते, आणि रुपयाचा फरक पडला तरी हिशेब जुळत नाही म्हणून कचेरीच तो शोधून काढते. वाटेत राहतं ते खात्याचं वय. कर्ज कधी मिळणार, पैसे कधी काढता येणार, मुदत कधी संपणार, हे सगळं खातं कुठल्या आर्थिक वर्षात उघडलं त्यावर ठरतं. म्हणून या खात्यात रकमेइतकीच तारीख मोलाची. माझ्या बाबतीत ती एकदा चुकली, आणि दुरुस्त झाल्यावर पुन्हा अडली.

माझं खातं डिसेंबर २००९ चं, पोस्टातलं. तेव्हा आम्ही अंधेरीला राहायचो आणि फॉर्म भरणं, चेक नेणं, पासबुकात नोंद करून आणणं हे सगळं एक एजंट बाई घरी येऊन करायच्या. डिसेंबर २०११ पासून सरकारनं पीपीएफवरचं एजंटांचं कमिशन बंद केलं. त्यांनी तरी किती दिवस फुकट हेलपाटे मारायचे? पुढे आम्ही मुलुंडला राहायला आलो. नोंद करून घ्यायला घाटकोपरपर्यंत लोकल आणि तिथून मेट्रो, एवढं करून पोचावं तर सर्व्हर बंद. शेवटी २०२१ मध्ये घराजवळच्या बँकेत खातं न्यायचं ठरवलं.

अशा वेळी पुष्कळजण एक सोपी पळवाट काढतात. जुनं खातं तसंच सोडतात आणि जवळच्या बँकेत नवीन उघडतात. हे कृपा करून करू नका. एका माणसाला स्वतःच्या नावावर एकच पीपीएफ खातं ठेवता येतं. पालक म्हणून अज्ञान मुलाच्या नावानं दुसरं उघडता येतं, पण दोन्हीत मिळून वर्षाला दीड लाखाचीच मर्यादा. नवरा-बायकोचं संयुक्त खातं यात नाहीच. १ ऑक्टोबर २०२४ पासून अर्थ मंत्रालयाने दुहेरी खात्यांचे नियम कडक केले आहेत. एक खातं मुख्य ठरवायचं, दुसरं मर्यादेत बसेल तेवढं त्यात विलीन होतं, आणि वरची रक्कम शून्य व्याजानं परत मिळते. तिसरं असेल तर त्यावर व्याजच नाही. काही वर्षं भरणा न झाल्यामुळे जुनं खातं बंद पडलं असेल तरी दर चुकलेल्या वर्षाचे ५०० रुपये आणि ५० रुपये दंड भरून ते जिवंत होतं. दहा वर्षं चुकली तरी साडेपाच हजारांत काम होतं. तेवढ्यासाठी खात्याचं वय कशाला घालवायचं?

खातं कुठे न्यायचं, तेही आधी बघा. मुलुंड, बोरिवली, घाटकोपर भागात पिढ्यान्‌पिढ्या सहकारी बँकेत खाती असलेली घरं आहेत, आणि ‘आपल्याच बँकेत नेऊ’ असं वाटणं साहजिक आहे. पण सहकारी बँकेत पीपीएफ उघडता येत नाही. पोस्ट, स्टेट बँक, इतर सरकारी बँका आणि काही मोठ्या खासगी बँका, एवढीच ठिकाणं. पीपीएफमधल्या पैशाला केंद्र सरकारची हमी असते आणि तिला रकमेची मर्यादा नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये भांडुपला मुख्यालय असलेल्या पीएमसी या सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा खातेदारांना सुरुवातीला फक्त हजार रुपये काढायची मुभा होती. शाखेबाहेर उभे असलेले वयस्कर लोक मी पाहिले आहेत. बँकेतल्या ठेवीला विमा असतो, पण तो आज एका बँकेत एका माणसामागे पाच लाखांपर्यंतच. म्हातारपणाचा पैसा ठेवताना हा फरक डोक्यात पक्का असावा.

आता बदलीचं. अर्ज जुन्या ठिकाणी द्यायचा, नव्या शाखेचं नाव-पत्ता लिहून, पासबुकासकट. आमच्या सोसायटीत पोस्टातून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांनी मला आधीच बजावलं, “पासबुकाच्या एकूण एक पानाची झेरॉक्स काढ. एकदा दिलं की ते परत मिळत नाही.” या एका वाक्यासाठी मी त्यांची आयुष्यभर ऋणी आहे. पोस्ट मग पासबुक ठेवून घेतं आणि नव्या शाखेला पाकीट पाठवतं. खात्याचा प्रमाणित उतारा, मूळ अर्ज, नॉमिनीचा फॉर्म, सहीचा नमुना आणि रकमेचा चेक किंवा ड्राफ्ट, एवढं त्यात असतं. ते पोचल्यावर नवी शाखा आपल्याला बोलावते, केवायसी नव्यानं करते आणि नवीन पासबुक देते.

माझ्या नव्या पासबुकाच्या पहिल्या पानावर खातं उघडल्याची तारीख २०२१ ची होती आणि मुदतपूर्ती २०३७ ची. रक्कम रुपयापर्यंत बरोबर. काउंटरवरचा मुलगा अगदी नम्रपणे म्हणाला, “मॅडम, ट्रान्सफर म्हणजे आमच्याकडे नवीनच खातं. सिस्टीम आजचीच तारीख घेते.” हे खरं नाही. बदली झालेलं खातं नियमानं जुनंच राहतं, मूळ तारखेसकट. हिशेब असा की खातं ज्या आर्थिक वर्षात उघडलं ते वर्ष संपल्यापासून पंधरा वर्षं. माझं २००९-१० चं, म्हणजे मुदत संपणार ३१ मार्च २०२५ ला. बँकेच्या नोंदीनं ती बारा वर्षं पुढे ढकलली होती.

मी झेरॉक्स समोर ठेवली आणि पोस्टाकडून आलेली फाइल मागितली. दुसरी कचेरी शोधावी लागली नाही, सगळं त्यांच्याच कपाटात होतं. प्रमाणित उताऱ्यावर दर वर्षाची एक ओळ होती. भरणा, व्याज, ३१ मार्चची शिल्लक. शेवटच्या आकड्याभोवती कोणीतरी पेन्सिलीनं गोल केला होता आणि संगणकात फक्त तोच चढवला होता. वरच्या ओळींना कोणी हातही लावला नव्हता. मी लेखी अर्ज दिला, पोच घेतली, आणि काही आठवड्यांनी पासबुकावर २००९ आलं.

मला वाटलं, मिटलं. २०२३ मध्ये मुलीच्या प्रवेशाची फी भरायला पैसे काढायचे होते. खातं उघडलेलं वर्ष संपून पाच वर्षं झाली की थोडी रक्कम काढता येते. मागच्या चौथ्या वर्षाअखेरची शिल्लक आणि लगतच्या वर्षाअखेरची शिल्लक, यांत जी कमी तिच्या निम्मी. माझ्यासाठी ही चौथ्या वर्षाची शिल्लक ३१ मार्च २०२० ची, आणि त्या दिवशी खातं पोस्टात होतं. बँकेच्या संगणकाला ३१ मार्च २०२० ला माझ्याकडे काहीच दिसत नव्हतं, म्हणून काढता येणारी रक्कम आली शून्य. तारीख दुरुस्त झाली होती, पण वर्षांच्या शिलका चढवल्याच नव्हत्या. फीची मुदत तोंडावर आलेली, आणि माझे स्वतःचे पैसे डोळ्यांसमोर असून हाताला लागत नव्हते. तो आठवडा मी विसरणार नाही. पुन्हा तीच झेरॉक्स, तीच फाइल, आणि या वेळी शाखाधिकाऱ्यांसमोर बसून एकेक वर्षाची ओळ चढवून घेतली.

म्हणून बदली झाल्यावर पासबुक हातात आलं की तिथेच उभं राहून पहिलं पान वाचा. उघडल्याचं वर्ष, मुदतपूर्ती, आणि मागच्या वर्षांच्या शिलका नोंदल्या आहेत का, हे तोंडी विचारू नका, लेखी विचारा. बँकेनं तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, आणि तिला पैसे पडत नाहीत.

बदलीसाठी मार्च टाळा. वर्षाचा भरणा अर्ज देण्याआधीच उरकून घ्या, कारण पाकीट वाटेत असताना कुठेच भरता येत नाही आणि किमान ५०० रुपये राहून गेले तर खातं बंद पडतं. व्याज दर महिन्याच्या ५ तारखेनंतर महिनाअखेरपर्यंतच्या कमीत कमी शिलकीवर मिळतं. आजच्या ७.१ टक्के दरानं दीड लाख ५ एप्रिलच्या आत न भरता ६ ला भरले तर त्या एका दिवसापायी साधारण ८८७ रुपये जातात. चेक देत असाल तर तो वटायला लागणारा वेळही धरा. आणि पहिल्या ३१ मार्चनंतर दोन्ही ठिकाणच्या महिन्यांचं व्याज लागलं का, ते मोजून बघा.

ज्यांनी खातं हलवलंच नाही, पण बँक मात्र हलली, त्यांनीही पासबुक काढून बघावं. देना बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात गेली, तर सिंडिकेट, आंध्रा, कॉर्पोरेशन, अलाहाबाद या बँका वर्षभरानं इतर बँकांत विलीन झाल्या. उपनगरांतल्या कितीतरी घरांत त्या जुन्या नावांची पासबुकं अजून कपाटात आहेत.

तरुण मुलं विचारतात, नव्या करप्रणालीत वजावट मिळत नाही, मग कशाला हा खटाटोप? वजावट जुन्या प्रणालीतच मिळते हे खरं, पण व्याज आणि मुदतीनंतरची रक्कम दोन्ही प्रणालींत करमुक्त आहे.

मुदत संपल्यावर भरणा चालू ठेवायचा असेल तर वर्षाच्या आत फॉर्म ४ द्यावा लागतो, तेव्हा पाच वर्षांची वाढ मिळते. फॉर्म न देता भरलेल्या पैशावर व्याज नाही. भरायचं नसेल तर काहीच करू नका, आहे त्या रकमेवर व्याज मिळत राहतं.

आणि नॉमिनी. बदलीत जुना फॉर्म येतो खरा, तरी नव्या शाखेत नाव पुन्हा भरून घ्या आणि ते पासबुकावर छापून घ्या. चार जणांपर्यंत नावं देता येतात, आणि नाव बदलायला लागणारे ५० रुपये एप्रिल २०२५ पासून माफ आहेत. लग्नाआधी आई-वडिलांचं नाव दिलेलं असतं आणि ते वारल्यावरही तसंच राहतं, अशी खाती प्रत्येक सोसायटीत सापडतील. आपलं त्यात नाही ना, हे आजच बघून घ्या.