जुने गीत, नवा साज

लोकांच्या ओठी रुळलेल्या गीताला नवा साज चढविणे हे धाडसाचे काम आहे. आणि तो साज चढविणाऱ्याला प्रामाणिक अभिप्राय देणे हेही काही सोपे काम नव्हे. एका प्रसिद्ध नाताळगीताच्या उदाहरणाने ही गोष्ट आपण समजून घेऊ.

ऑस्ट्रिया देशात साल्झबर्गजवळ ओबर्नडॉर्फ नावाचे एक लहान गाव आहे. तेथील चर्चमध्ये २४ डिसेंबर १८१८ रोजी ‘स्टिले नाख्ट’, म्हणजे ‘शांत रात्र’, हे गीत प्रथम गायिले गेले. त्याचे शब्द योझेफ मोर या तरुण धर्मगुरूने दोन वर्षांपूर्वी लिहिले होते. शेजारच्या गावचे शिक्षक फ्रान्झ ग्रूबर यांनी त्यांना चाल लावली, आणि दोघांनी ते गिटारच्या साथीवर गायिले. पुढे टिरोल प्रांतातील गायक कुटुंबांनी ते दूरदूर नेले. या प्रवासात मूळ चालीतील काही स्वरही पालटले. तेव्हा या गीतात नवे काही करणे हाच दोष, असे कोणी म्हणू नये.

आता अशी कल्पना करा की, तुमच्या एका मैत्रिणीने घरच्या घरी संगणकावर या गीताची नवी रचना केली आणि ती ऐकवून विचारले, “कशी वाटली?” नुसते “छान!” म्हटल्याने तिला काहीच कळणार नाही. “जुन्याची सर याला नाही,” असे म्हटल्यास ती कदाचित पुन्हा असा प्रयत्नच करणार नाही.

यासाठी रचना दोन-तीन वेळा लक्षपूर्वक ऐकावी. तिला काय साधावयाचे होते, हे आधी विचारावे. मग जे साधले ते नेमके सांगावे: “आरंभी एकटी गिटार ठेवलीस, त्यामुळे रात्रीची शांतता जाणवली.” त्यानंतर उणीव सांगावी, तीही जागा दाखवून. या गीताची लय आपल्या दादऱ्याप्रमाणे तीन-तीन मात्रांची, पाळण्याच्या झोक्यासारखी आहे. तिच्यावर चार-चार मात्रांचा ठेका बसविला असेल, तर “ठेका वाईट आहे,” असे म्हणू नये. “दुसऱ्या कडव्यात ढोल आला आणि झोका थांबला, येथे तीन-तीनचा ठेका घेऊन पाहशील का?” असे सुचवावे. वाद्यांच्या आवाजात शब्द बुडत असतील, तर नेमकी ती ओळ सांगावी.

एवढे सांगून झाल्यावर निर्णय मात्र तिच्यावर सोपवावा, कारण रचना तिची आहे. आपल्या बोलण्याने ती पुन्हा उत्साहाने कामाला बसली, तर आपला अभिप्राय सार्थकी लागला असे समजावे.

स्वाध्याय
१. नुसत्या “छान!” या अभिप्रायात कोणती उणीव आहे?
२. तुमच्या मित्राने लिहिलेल्या एखाद्या निबंधावर पाच वाक्यांत अभिप्राय लिहा.